नवी स्पार्क की जुनी व्हीएक्स: पंपात टॉर्च मारून घेतलेला निर्णय

मार्चच्या शेवटी टेबलावर दोन कागद होते. एक डॅलसजवळच्या डीलरनं दिलेलं नव्या सी-डू स्पार्क या जेट स्कीचं कोटेशन. दुसरा म्हणजे २०१२ सालच्या यामाहा व्हीएक्स डीलक्सची जाहिरात: ट्रेलरसकट ५,५०० डॉलर, मीटरवर १३४ तास. काम ठरलेलं होतं. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार, लुईसव्हिल किंवा टेक्सोमा लेक, यंत्रावर बहुतेक वेळा दोन मोठी माणसं आणि एक बारा वर्षांची मुलगी. (जेट स्की हा खरं तर कावासाकीचा ट्रेडमार्क. पण टेक्ससच्या रॅम्पवर, म्हणजे यंत्र पाण्यात उतरवायच्या उतारावर काय आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावर काय, सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना लोक जेट स्कीच म्हणतात. इथंही तेच नाव चालवलंय.)

सुरुवात वजनापासून केली, कारण पर्याय सगळ्यात लवकर तिथंच गळतात. ७८, ६४ आणि ४१ किलो, म्हणजे १८३. त्यात लाइफ जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या, दोर, छोटा नांगर हे सगळं धरलं की १९५. दोन सीटच्या स्पार्कची वजनमर्यादा १६० किलो आहे, त्यामुळे ती तिथंच बाद. तीन सीटच्या स्पार्कची सुमारे २०५. कागदावर बसतं, पण मर्यादेला टेकून. व्हीएक्सची मर्यादा २४० किलो. मर्यादेला टेकलेलं यंत्र बुडत नाही, पण थांबलेलं असताना डुलतं, पाण्यातून परत वर चढताना कलंडतं, आणि प्लेनिंगवर यायला म्हणजे नाक खाली करून पाण्यावर सरकायला लागायला जास्त वेळ घेतं. मागचा माणूस हलला की पुढच्याला हँडल सावरत बसावं लागतं.

स्पार्क २०१४ च्या मॉडेल वर्षात आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ४,९९९ डॉलर होती, आणि सगळ्या धंद्याला तिनं हलवून सोडलं. इतक्या कमी पैशात ती कशी बसवली हे कळलं की नव्या स्वस्त यंत्राचा हिशोबही कळतो. तळ फायबरग्लासचा नाही, काचेचे तंतू घातलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा. रंग आतूनच मिसळलेला, त्यामुळे चरा पडला तरी आत तोच रंग दिसतो. वजन दोनशे किलोच्या आत. व्हीएक्स सव्वातीनशेच्या आसपास. इंजिन रोटॅक्सचं ९०० एसीई, तीन सिलिंडर, ६० किंवा ९० हॉर्सपॉवर. पाण्याचा झोत मागं मारणारा पंप १४० मिलीमीटरचा, व्हीएक्सचा १५५. पेट्रोलची टाकी ३० लिटरची. सामान ठेवायला कारच्या डॅशबोर्डमधल्या छोट्या कप्प्याएवढी जागा; मोठा कप्पा हवा तर पैसे वेगळे. आयबीआर म्हणजे ब्रेक आणि रिव्हर्सची सोय ज्या ट्रिममध्ये (मॉडेलच्या प्रकारात) नाही, तिथं रॅम्पवर किंवा धक्क्याला लावताना वेग मारायला काहीच नसतं. अंदाजानं आधीच थ्रॉटल सोडायचा, आणि थ्रॉटल सोडला की सुकाणूही जवळपास जातं हेही ध्यानात ठेवायचं. जेटचा झोत नाही तर वळण नाही. नवशिका धक्क्यावर आपटतो तो याच क्षणी. म्हणून स्पार्क घ्यायचीच तर आयबीआरशिवाय घेऊ नये, असं आमचं ठाम मत झालं, आणि कोटेशन त्याच ट्रिमचं मागवलं.

स्पार्कचं एक मोठं सुख: इंजिन बंद सर्किटमधल्या कूलंटवर थंड होतं, तळाखालची राइड प्लेटच उष्णता पाण्याला देते. लेकचं पाणी, गाळ, वाळू इंजिनच्या आत शिरत नाही. व्हीएक्समध्ये बाहेरचं पाणीच पंपातून उचलून इंजिनभोवती फिरतं. उथळ पाण्यात वाळूवर यंत्र चालू ठेवायची सवय असलेल्या माणसाकडची व्हीएक्स घेतली, की ती वाळू पाण्याच्या मार्गात बसलेली असते. स्पार्कचं एक मोठं दुःखही सांगून टाकतो. बॅटरी, प्लग, तेल इथपर्यंत हात पोचतो. त्यापुढचं काही मोठं काम निघालं की अख्खा वरचा डेक स्क्रू काढून उचलावा लागतो. घरच्या गॅरेजमध्ये होत नाही असं नाही, पण दुपार जाते, आणि मजुरीवर करून घेतलं तर बिलात दिसतं.

पैशाचं गणित कोटेशनवर असं होतं: यंत्र ८,५००, फ्रेट-सेटअप-कागदपत्रं १,२००, त्यावर टेक्ससचा ६.२५ टक्के कर म्हणजे ६०६, आणि ट्रेलर करासकट १,४००. एकूण ११,७०६ डॉलर. जाहिरातीतल्या ठळक आकड्यावर तीन हजारांहून जास्त चढतात. फ्रेट आणि सेटअपवर थोडीफार घासाघीस होते, विशेषतः ऑगस्टनंतर. एप्रिल-मे मध्ये कोणी ऐकत नाही. वॉरंटी बारा महिन्यांची, तीही खासगी वापरासाठी.

आता जुनी घ्यायची तर कुठली. हातात टॉर्च घेण्याआधी घरबसल्याच निम्म्या जाहिराती वगळता येतात.

टू-स्ट्रोक पहिल्या फेरीत गेल्या. दीड-दोन हजारांत मिळतात आणि मोह होतो. पण नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतल्या सी-डूमध्ये करड्या रंगाच्या पेट्रोलच्या नळ्या असत. त्या आतून विरघळून हिरवट चिकट गाळ होतो आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जाळीत बसतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन भाजतो. नळ्या बदलल्यात का हे न विचारता अशी गाडी घेणाऱ्याला इंजिनही घ्यावं लागतं. त्यात काही जलाशयांवर जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकना बंदी. लेक टाहोवर ती १९९९ पासून आहे.

सुपरचार्जरवाल्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या, दुसऱ्या फेरीत गेल्या. २००३ पासूनच्या सी-डूच्या सुपरचार्जरमध्ये सुरुवातीची काही वर्षं सिरॅमिकचे वॉशर होते. ते फुटले की तुकडे इंजिन ऑइलमध्ये जातात. म्हणून दर १०० तासांनी सुपरचार्जर उघडून बांधायचा असतो. विकणाऱ्याकडे त्या कामाची पावती नसेल तर काम झालेलं नाही असंच धरायचं. कौटुंबिक वापराला २१५ हॉर्सपॉवर लागत नाहीत, आणि असल्या गाड्या सहसा हळू चालवलेल्या नसतात.

उरलं ते साधं, हवा आपली आपण ओढणारं फोर-स्ट्रोक इंजिन: यामाहा व्हीएक्स (२००५ पासून, १,०५२ सीसी, चार सिलिंडर, ११० हॉर्सपॉवर), सी-डू जीटीआय १३० (१,४९४ सीसी), कावासाकी एसटीएक्स-१५एफ (१,४९८ सीसी). तिन्ही चांगली. व्हीएक्सकडे कल झाला तो सुट्या भागांमुळे. भाड्यानं देणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तीच वापरली, त्यामुळे भाग सर्वत्र मिळतात आणि कुठं काय झिजतं हे सगळ्या मेकॅनिकांना पाठ आहे. २०१५ च्या व्हीएक्सपासून यामाहानं राइड नावाची ब्रेक-रिव्हर्स पद्धत आणली, तीही उत्तम. पण त्या वर्षापुढच्या गाड्यांचे भाव नव्या स्पार्कच्या शेजारी जाऊन बसतात.

तासांबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. दहा वर्षांत २० तास चाललेल्या गाडीपेक्षा १५० तास चाललेली आम्हाला जास्त विश्वासाची वाटते. न चालणाऱ्या यंत्रात पेट्रोल शिळं होतं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. इंजेक्टर चिकटतात, शाफ्टचं ग्रीस वाळतं, उंदीर वायरिंग खातात. वर्षाला १० ते ३० तास, दरवर्षी तेल बदललेलं, गोड्या पाण्यातली, छपराखाली ठेवलेली अशी हवी. गॅल्व्हेस्टन आणि कॉर्पस क्रिस्टीच्या खाऱ्या पाण्यातल्या गाड्या दिसायला चकचकीत असतात, भावही पाचशे-हजारानं कमी असतो. तो कमी का असतो ते सीट उचलल्यावर बोल्टांची डोकी सांगतात. ज्यांनी मालवण बाजूला यांत्रिक होड्यांच्या इंजिनांवर मिठाचा पांढरा थर पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

फोनवर पाच प्रश्न विचारले, आणि पाचव्या प्रश्नाआधीच चार विक्रेते गळाले. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तुमच्याच नावावर आहे का? कुठल्या पाण्यात चालवली? शेवटचं तेल कधी बदललं? तास दाखवणाऱ्या मीटरचा आजचा फोटो पाठवाल का? आणि आम्ही यायच्या आधी इंजिन सुरू करू नका, चालेल? या शेवटच्या प्रश्नावर ज्यांची जीभ अडखळली तिथं आम्ही गेलोच नाही. गरम इंजिन सगळेच सुरू होतात. खरं काय ते थंड इंजिन बोलतं.

तीन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या गाडीच्या इंजिन-खोलीत अर्ध्या उंचीवर मळकट आडवी रेघ होती, आंघोळीच्या बादलीत असते तशी. एवढं पाणी तिथं कधीतरी उभं होतं. स्टार्टर मोटर त्या रेघेच्या खाली असते. विकणारा म्हणाला, धुताना पाणी साचलं असेल. आम्ही चहा नको म्हटलं आणि निघालो. दुसरीचा एचआयएन, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, जुळेना. हा बारा अक्षरांचा क्रमांक मागच्या बाजूला उजवीकडे असतो: पहिली तीन अक्षरं उत्पादकाची, पुढची पाच अनुक्रमाची, मग एक अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, जी म्हणजे जुलै, असं एलपर्यंत), एक अंक बनवल्याच्या वर्षाचा आणि शेवटचे दोन मॉडेल वर्षाचे. शेवट जी४१५ असा असेल तर ती जुलै २०१४ मध्ये बनलेली २०१५ ची गाडी. या गाडीच्या टायटलवर एक अंक वेगळा होता. टंकलेखनाची चूक असेलही; निस्तरायची कुणी?

तिसरी ही, जाहिरातीतली व्हीएक्स.

इंजिनवर हात ठेवला, थंड होतं. सीट काढून पाच मिनिटं उघडं ठेवलं. पेट्रोलचा वास आला तर बॅटरीला हात लावायचा नाही, आधी वासाचं मूळ शोधायचं. इथं वास नव्हता. टॉर्च मारून पाण्याची रेघ शोधली, नव्हती. तळाशी चमचाभर तेलकट पाणी होतं. तेवढं सगळ्यांतच असतं. तेलाची काडी पुसून पुन्हा बघितली: तपकिरी, पारदर्शक. दुधाळ चहासारखं तेल म्हणजे आत पाणी, मग कितीही स्वस्तात देत असले तरी घरी यायचं. तेल भरायच्या टोपणाच्या आतूनही बोट फिरवावं, दुधाळपणा आधी तिथं जमतो. मग एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाला हवा जाते ती पेटी. त्यात तेल साचलेलं असेल तर दोनच अर्थ: तेल जास्त भरलंय, किंवा गाडी उलटली आणि सरळ करताना चुकीच्या बाजूनं फिरवली. मागे स्टिकरवर बाण असतो कुठल्या बाजूनं फिरवायची त्याचा. घाबरलेला माणूस तो वाचत नाही.

इंजिन आणि शाफ्टच्या मधे रबरी डँपर असलेला कपलर असतो. त्याखाली काळी रबराची पूड दिसली तर डँपर झिजलाय, किंवा इंजिनची रेषा चुकलीय. इथं बोटावर जरा पूड आली, मिरपूड भुरभुरवावी इतकीच. त्याच्या मागे शाफ्ट जिथून तळाबाहेर जातो तिथल्या बेअरिंगच्या घराला ग्रीसचा निपल असतो. बहुतेक मालकांना तो असतो हेच ठाऊक नसतं. तिथं ग्रीस गेलं नाही की सील कोरडं पडतं, पाणी थेंबथेंब आत येतं, बेअरिंग गंजतं, आणि मग चालवताना खालून कुरकुर ऐकू येते. या निपलवर ताजं ग्रीस होतं. गाडीबद्दलचं आमचं मत खरं तर तिथंच बदललं. ज्यानं हा निपल शोधला त्यानं बाकीचंही केलं असणार, असं वाटलं, आणि पुढं ते खरं निघालं.

बॅटरी बंद असताना १२.४ व्होल्ट, पूर्ण भरलेली १२.६ च्या वर हवी. स्टार्टर फिरवताना १० च्या खाली गेली. बॅटरी बदलायची, नोंद केली.

चारही प्लग काढून टेबलावर त्याच क्रमानं ठेवले. चारही एकाच रंगाचे, फिके तपकिरी. एखादाच काळा ओला असता तर त्या सिलिंडरकडं बघावं लागलं असतं, एखादाच धुतल्यासारखा स्वच्छ असता तर आत पाणी जातंय का ही शंका. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. प्लग चारही बाहेर, इग्निशन निकामी केलेलं, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, बॅटरीला आमच्या कारच्या बॅटरीची जोड दिलेली, प्रत्येक सिलिंडर पाच-सहा सेकंद. थ्रॉटल न दाबता घेतला तर हवाच आत जात नाही, आकडा खोटा कमी येतो आणि चांगली गाडी हातची जाते. बॅटरी मेलेली असली तरी तेच. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे बघायचं. दहा टक्क्यांच्या आत हवा. इथं सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा यांत सहा टक्क्यांचा फरक होता.

आता सुरू करणं. पाण्याशिवाय पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, आणि रेसही द्यायची नाही. आम्ही आधी कोरडंच दहा सेकंद चालवलं: दुसऱ्या फेऱ्यात पेटलं, निळा धूर नाही. पुढं नळीवर. इथं क्रम चुकला तर इंजिन जातं, म्हणून सावकाश सांगतो. आधी इंजिन सुरू, मग नळ सुरू. बंद करताना आधी नळ बंद, मग इंजिन, मधे दोन-तीन हलके रेस देऊन पाइपातलं पाणी बाहेर. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टच्या वाटेनं उलटं सिलिंडरमध्ये भरतं. पाणी दाबलं जात नाही. पुढच्या वेळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. विकणाऱ्यानंच आधी नळ उघडायला हात घातला तर त्यानं आजवर किती वेळा असं केलं असेल ते मनातल्या मनात मोजावं. या गृहस्थांनी बरोबर क्रमानं केलं. बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची धार लगेच आणि सलग आली, म्हणजे थंड करणारा मार्ग मोकळा.

आता पंप. जुन्या गाडीचा भाव इथं ठरतो. मागचं नॉझल काढलं, टॉर्च आत. इम्पेलरची, म्हणजे पाणी मागं ढकलणाऱ्या पंख्याची, तीन पाती. प्रत्येक पात्याच्या टोकापासून पंपाच्या आतल्या भिंतीपर्यंत फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून अंतर मोजायचं, इम्पेलर हातानं फिरवत तीन-चार जागी. यामाहाच्या या पंपात नव्या गाडीला ०.३५ ते ०.४५ मिलीमीटर असतं आणि ०.६ च्या पुढं गेलं की बदलायची वेळ झाली. एका पात्यावर ०.५ आलं, बाकी दोन्हीवर ०.४५. ठीक. (सी-डूमध्ये भिंत म्हणजे प्लास्टिकची वेअर रिंग, तिथं ०.३५ च्या पुढं गेली की बदलतात. स्वस्त असते, झिजावी म्हणूनच केलेली असते. त्यामुळे जुन्या सी-डूत रिंग झिजलेली दिसली तर घाबरू नये, भाव मात्र कमी करून घ्यावा.) हे अंतर वाढलं की पाणी पात्याला वळसा घालून मागं फिरतं. इंजिन ओरडतं, आरपीएम चढतात, गाडी मात्र जागेवरून उठत नाही.

एका पात्याच्या पुढच्या धारेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका होता, बहुतेक खडा गेलेला. असा एखादा अर्धगोल कानशीनं घासून काढता येतो. तीन-चार मोठे असले किंवा पातं वाकलेलं असलं तर इम्पेलर बदलायचा. शाफ्टवर तंगूस गुंडाळलेली होती, मासेमारी करणाऱ्यांच्या कृपेनं. ती सीलमध्ये शिरली की बेअरिंगमध्ये पाणी जातं. इम्पेलर हातानं फिरवताना कान लावून ऐकलं. गुळगुळीत हवं. इथं वाळू चावल्यासारखा हलका खरखराट होता. बेअरिंग आणि सील, नोंद दुसरी.

तळ उताणं पडून बघितला. नाकाखाली आणि मधल्या कण्यावर चरे, सगळे वरवरचे, फायबर दिसत नव्हतं. चऱ्यातून पांढरट धागे दिसले तर पाणी आत शोषलं जातं. पुढच्या दोरीच्या कडीभोवती भेगा बघाव्यात. ट्रेलरवर विंचनं खेचून खेचून त्या तिथं पडतात.

पाण्यावरची फेरी विकणाऱ्याच्या लाइफ जॅकेटात, मनगटाला लॅनयार्ड (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी) अडकवून, लुईसव्हिलच्या रॅम्पवरून. आधी पाच मिनिटं हळू. मग थांबलेल्या अवस्थेतून एकदम पूर्ण थ्रॉटल, तीनदा. झटका देऊन उठली, तिन्ही वेळा सारखी. सपाट पाण्यावर पूर्ण थ्रॉटलला हे इंजिन ८,००० आरपीएमच्या जवळ जायला हवं. तिथं पोचून वेग कमी पडला तर दोष पंपात. आरपीएमच चढले नाहीत तर इंजिनात, पेट्रोलमध्ये, किंवा तळाच्या फोममध्ये पाणी शिरून गाडी जड झालेली. वेग फोनच्या जीपीएसवर बघावा, डॅशवरचा काटा आशावादी असतो. नवी असताना ही ताशी ५२-५३ मैल जायची. दोघं बसून ५० आला. पंधरा मिनिटांनी बंद करून लगेच पुन्हा सुरू केलं, गरम इंजिन कधी कधी इथं रुसतं, नाही रुसलं. परत आल्यावर सीट उचलून बघितलं, तळाशी अर्धी वाटी पाणी. बादलीभर असतं तर शाफ्टचं सील संपलेलं.

तास खरे आहेत का याची खात्री यामाहाच्या डायग्नोस्टिक सिस्टिमवर होते. काही मेकॅनिक थोड्या पैशात लॅपटॉप लावून देतात. एकूण तासच नाही, कुठल्या आरपीएमच्या पट्ट्यात किती तास गेले तेही निघतं. इथं मीटर आणि संगणक दोघांचंही म्हणणं एकच आलं, आणि निम्म्याहून जास्त वेळ मधल्या पट्ट्यांत होता.

ट्रेलर लोक बघतच नाहीत, आणि घरी जाताना हायवेवर तोच दगा देतो. टायरवर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथं ०९१३, म्हणजे २०१३ चा नववा आठवडा. नक्षी नवीकोरी, रबर मात्र म्हातारं, बाजूला बारीक भेगा. चाक जॅकवर उचलून हलवलं, बेअरिंगही ढिलं. नोंद तिसरी.

घासाघीस त्या तीन नोंदींवर झाली, हवेत नाही. बॅटरी १२०, पंपाचं बेअरिंग-सील १५०, ट्रेलरचे टायर-बेअरिंग २००, तेल-फिल्टर-प्लग ९०, किरकोळ ४०. सहाशे डॉलर. त्यांनी यादी वाचली, एक-दोन ठिकाणी मान हलवली, आणि ४,७०० वर सौदा झाला. करासकट आणि दुरुस्तीसकट ५,६०० च्या आत. म्हणजे नव्या स्पार्कच्या निम्म्यालाही पोचलं नाही.

कागद दोन ठिकाणी: यंत्राचं टायटल टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याकडे, ट्रेलरचं काउंटीच्या कर कार्यालयात. टायटलवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. विमा स्वस्त, एका फोनचं काम. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यानं चालवायची तर बोटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. सूर्यास्त ते सूर्योदय चालवायला मनाई. अग्निशामक सिलिंडर हवाच, आणि एकदाच वापरायचा, न भरता येणारा असेल तर बनवल्यापासून बारा वर्षांत बदलायचा. विकत घेतलेल्या गाडीच्या कप्प्यात सापडला तो नेमका तेवढाच जुना होता.

स्पार्क कुणी घ्यावी, हेही या फेऱ्यांत स्पष्ट झालं. एकटं किंवा दोघंच चालवणार, छोटं शांत पाणी, मागं छोटी एसयूव्ही, आणि घरात पाना-कानस नाही, शिकायची हौसही नाही, असं असेल तर नवी, आयबीआरवाली, तीन सीटची स्पार्क ऑगस्टनंतर घ्यावी. टेक्सोमावर दक्षिणेचा वारा सुटला की दुपारनंतर फूटभर लाटा उठतात. तिथं दोनशे किलोची स्पार्क उड्या मारते आणि सव्वातीनशेची व्हीएक्स कापत जाते. पाठीच्या मणक्याला फरक कळतो. मुलगी मागं बसणार असेल तर प्रश्नच मिटला.

पहिल्या आठवड्यात केलेली कामं: पंपाचं बेअरिंग आणि सील, टवका घासणं, तेल-फिल्टर, चार प्लग, बॅटरी, निपलला ग्रीस, ट्रेलरची दोन्ही चाकं. पंप परत बसवताना जोडावर सिलंट नीट लागलं नाही तर हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत करूनही गाडी पाण्यात घसरते. आमची पहिली खेप अशीच गेली, परत उघडून पट्टी सलग लावली तेव्हा बसली. रॅम्पवरून बाहेर काढली की मागचे दोन्ही ड्रेन प्लग उघडून, नाक वर करून, सगळं पाणी तिथंच सोडायचं. टेक्सोमात २००९ मध्ये झीब्रा शिंपले सापडले, ते एका लेकमधून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून पुढं हा कायदाच झाला. काढलेले प्लग ट्रेलरच्या विंचच्या हँडलला अडकवून ठेवतो. ते परत लावल्याशिवाय पट्टा सोडताच येत नाही.